बाळंतपणाला लेक येतेय, घरचं पाणी तिला चालेल का?

पत्र असं आहे:

"आमचं गाव रावेर तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात. परसात जुनी विहीर आहे आणि तिच्याशेजारी बारा वर्षांपूर्वी घेतलेली बोअर. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, पण बोअरचं गोड लागतं म्हणून प्यायला आम्ही तेच भरतो. थोरली लेक आठव्या महिन्यात आहे, पंधरा दिवसांत बाळंतपणाला येईल. गेल्या रविवारी पाण्याचं मशीन विकणारा मुलगा आला. त्याने आमच्या पाण्यात दोन दांड्या बुडवून बटण दाबलं, तर दोन मिनिटांत पाणी काळपट-तपकिरी झालं आणि वर गाळ आला. त्याच्या मशीनचं पाणी होतं तसंच राहिलं. मीटरवर आमचं पाणी ६२० दाखवलं. 'हे पाणी बाळाला पाजणार का?' असं म्हणाला. तेव्हापासून माझ्या घशाखाली पाणी उतरत नाही. मशीन सोळा हजारांचं आहे. घरचे म्हणतात, तीन पिढ्या हेच पाणी प्यायल्या. मी काय करू?"

ताई,

आधी दोन गोष्टी सांगते, मग कारणं. लेक घरी येईल त्या दिवसापासून तिचं प्यायचं पाणी उकळून गार केलेलंच द्या. आणि मशीनचे सोळा हजार तूर्त कपाटातच राहू द्या.

आता त्या दोन दांड्यांचं. एक लोखंडाची असते, दुसरी ॲल्युमिनियमची. पाण्यात थोडेफार क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि लोखंडाची दांडी झिजू लागते. तुम्ही पाहिलात तो गाळ तुमच्या पाण्यातून निघालेला नाही, दांडीतून निघालेलं लोखंड आहे ते, म्हणजे गंजच. मशीनच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात, त्यामुळे वीज वाहत नाही, दांडी झिजत नाही आणि पाणी स्वच्छ दिसतं. तो मुलगा पुन्हा आला तर त्याच्याच मशीनच्या पाण्याचा पेला पुढे करा, त्यात घरच्या मिठाची चिमूट टाका, ढवळा आणि म्हणा, आता बुडव दांड्या. तोच गाळ येईल. त्याच्यासमोरच करायला लावा, घरी कुणी तारा जोडून हे करू नका, विजेशी गाठ आहे. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं काढली. हा दांड्यांचा प्रयोग पाहून घाबरलेल्या किती बाया माझ्या टेबलासमोर पाण्याची बाटली घेऊन उभ्या राहिल्या असतील! त्यांच्या डोळ्यांतली भीती खरी असायची, म्हणून मला त्या प्रयोगाचा राग आहे. घाबरायचं ते भलत्याच गोष्टीला घाबरवतो आणि खरी गोष्ट नजरेआड करतो.

मीटरचंही तसंच. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो. भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार उत्तम मानले आहेत आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. तुमचे ६२० म्हणजे घाबरून जाण्यासारखं काही नाही. आपल्या भागातल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतंच. त्याने भांड्याला पांढरा थर धरतो, साबणाला फेस कमी येतो, डाळ शिजायला वेळ लागतो. पण त्या ६२० मध्ये काय काय आहे, हे मीटर सांगू शकत नाही. खतातून-मैल्यातून पाण्यात उतरणारं नायट्रेट २० आहे की ९०, दोन्ही वेळा आकडा ६२०च्या आसपासच दिसेल. फ्लोराइड तर लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं तरी हाडादातांना घातक, पण इतका बारीक फरक या मीटरवर कळतही नाही. आणि जंतू? ते मीटरला दिसतच नाहीत. ज्या ओढ्यात गावाचं सांडपाणी मिसळतं त्याचं पाणी मीटरवर २०० दाखवेल आणि मशीनवाला त्याला उत्तम म्हणेल.

तर तुमच्या घरापुरतं बोलायचं तर पहिली काळजी जंतूंची. गाळ नाही, क्षार नाहीत, जंतू. पाऊस तोंडावर आलाय आणि पहिल्या पावसात वर साचलेली सगळी घाण विहिरी-बोअरमध्ये उतरते. जुलाब, टायफॉइड हे सगळ्यांना माहीत असतं. पण काविळीचा एक प्रकार पाण्यातून पसरतो, हिपॅटायटिस ई नावाचा. इतरांना तो बहुधा काही आठवडे आजारी पाडून सोडून देतो, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईच्या जिवावर उठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे त्या काळात लागण झालेल्या शंभर बायकांपैकी वीस-पंचवीस दगावू शकतात. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती ती याचीच. पाण्यात मैला मिसळला की हे होतं, आणि पाण्याला ना वास येतो ना चव बदलते. म्हणून तुमच्या लेकीसाठी अहवालाची वाट न बघता ती आल्या दिवसापासून उकळलेलं पाणी. खळखळ उकळी आली की एक मिनिट ठेवलं तरी पुरतं, वीस-वीस मिनिटं गॅस जाळू नका. ज्या भांड्यात उकळलं त्यातच झाकून गार होऊ द्या आणि घ्यायला दांड्याचं ओगराळं ठेवा. माठात हात बुडवून पेला भरायची सवय घरात असेल तर उकळण्याची सगळी मेहनत त्या एका हाताने वाया जाते.

दुसरी काळजी बाळ झाल्यानंतरची, आणि तिथे तुमचा पट्टा आडवा येतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातले जे १५ जिल्हे नायट्रेटच्या बाबतीत सर्वांत बिकट म्हणून दिले आहेत, त्यांत जळगाव आहे. सोबत वर्धा, बुलडाणा, अमरावती, नांदेड, बीड आणि यवतमाळही. तुमच्याकडे याचं कारण शोधायला लांब जायला नको. केळीच्या एका झाडाला शिफारशीप्रमाणे २०० ग्रॅम नत्र लागतं. दीड बाय दीड मीटरवर लावली तर एकरी पावणेदोन हजारांवर झाडं बसतात, म्हणजे एकरी साडेतीनशे किलो नत्र. शिफारशीहून चार मुठी जास्त टाकणारेही आहेतच. झाड घेईल तेवढं घेतं, उरलेल्या युरियाचं जमिनीतले जंतू नायट्रेट करतात. नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही. पाणी खाली मुरलं की त्याच्याबरोबर तेही उतरत जातं आणि भूजलात मिसळतं. गोठ्यातलं मूत, उकिरडा, संडासाचा शोषखड्डा यांतूनही तेच उतरतं.

नायट्रेटला चव नाही, रंग नाही, वास नाही. तुमच्या बोअरचं पाणी गोड लागतं याचा अर्थ त्यात मीठ कमी आहे, इतकाच.

मोठ्या माणसाला थोडं जास्त नायट्रेट लगेच काही करत नाही, म्हणून "तीन पिढ्या प्यायल्या" हे घरच्यांचं म्हणणं खोटं नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला धरतं आणि त्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. बाळ निळसर पडतं. १९४५ साली अमेरिकेत आयोवातल्या हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा मांडलं. शेतावरच्या विहिरींच्या पाण्यात कालवलेलं दूध प्यालेली तान्ही मुलं होती ती. शिवाय तीन पिढ्यांपूर्वी तुमच्या शिवारात इतका युरियाही पडत नव्हता. पाणी त्याच विहिरीचं असलं तरी ते आजोबांच्या वेळचं राहिलेलं नाही, हे घरच्यांना शांतपणे सांगा.

यात दिलासा देणारी गोष्ट मोठी आहे. आई अंगावर पाजत असेल तर बाळाला या नायट्रेटचा धोका जवळजवळ नाही, कारण आईच्या पाण्यातलं नायट्रेट दुधात फारसं उतरत नाही. म्हणून पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणी थेंबभरही नाही. उन्हाळ्यातसुद्धा नाही. तुमच्याकडे पाचवीला किंवा बाराव्या दिवसापासून बाळगुटी सुरू करत असतील. सहाणेवर चार वेढे उगाळून दोन थेंब पाणी, त्यात काय होतंय, असं वाटतं. दोन थेंबांतून नायट्रेट काही फार जात नाही, पण जंतूंना दोन थेंब पुरे होतात. आजेसासूबाईंचं मन दुखवायचं नसेल तर त्या सहाणेला हळद-कुंकू लावून पूजा करा. बाळाला मात्र चाटवू नका.

आईला दूध कमी पडलं आणि डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलं, तर मात्र पाण्यातल्या नायट्रेटचा आकडा हातात असायलाच हवा. आणि इथे एक घोटाळा होतो तो नीट समजून घ्या. लेकीला मी पाणी उकळून द्या म्हटलं, ते जंतूंसाठी. नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं. पाच लिटर पाणी आटून चार लिटर झालं तर ४४ नायट्रेटचं ५५ होतं. म्हणजे बाळाच्या दुधासाठी पाणी मुळातच कमी नायट्रेटचं हवं आणि तेही एकदाच उकळलेलं. काल उकळलेलं आज पुन्हा आणि संध्याकाळी पुन्हा, असं नको.

आता तपासणी. पण बाटली भरायच्या आधी एक काम करा. संध्याकाळी घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन विहिरीच्या ओट्यावर जा आणि चारी बाजूंना पंचवीस-तीस पावलं फिरून बघा. गोठा किती लांब? शेणाचा खड्डा कुठल्या अंगाला, चढाला की उताराला? संडासाचा शोषखड्डा किती फुटांवर? आम्ही निदान ५० फूट सांगायचो, आणि जितका लांब तितकं बरं. ओट्याला भेग आहे का, सांडलेलं पाणी परत आत जातं का? बोअरचा केसिंग पाइप जमिनीच्या वर फूटभर तरी आहे का, की मातीबरोबर कापून त्यावर नुसतं पोतं बांधलंय?

आणि ठिबकचं बघा. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण हे कुणी विचारत नाही. त्याच बोअरवरून केळीच्या ठिबकला पाणी जातं का, आणि खत सोडायची व्हेंच्युरी किंवा टाकी त्याच पाइपावर आहे का? एकदा माझ्याकडे एका पाण्याचा नमुना आला होता, त्याच्या नायट्रेटचा आकडा पाहून मला वाटलं, माझंच मोजमाप चुकलं. पुन्हा केलं, तोच आकडा. शेवटी त्या शेतकऱ्याला घेऊन बोअरवर गेले. खत चालू असताना लाइट गेली की मोटार बंद व्हायची आणि पाइपातलं खताचं पाणी उलटं बोअरमध्ये उतरायचं. उलटं येणारं पाणी अडवायचा एनआरव्ही बसवलेलाच नव्हता. त्या बोअरमध्ये वर्षभर चमचा-चमचा युरिया घोळला जात होता आणि घरातले सगळे तेच पाणी पीत होते. तुमच्याकडे ठिबक असेल तर हा व्हॉल्व्ह आहे का, असला तर तो नीट बसतो का, एवढं आजच बघून घ्या. सोळा हजारांच्या मशीनच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही.

हे सगळं बघितलं की काय तपासायचं ते आपोआप ठरतं. तुमच्या बोअरसाठी मी जंतू आणि नायट्रेट पहिल्या ओळीत घेईन. त्याखाली एकूण क्षार, पाण्याचा जडपणा, क्लोराइड, फ्लोराइड, सामू म्हणजे पीएच, गढूळपणा. बास. चाळीस-पन्नास गोष्टींच्या महागड्या तपासणीची तुम्हाला गरज नाही. आर्सेनिकचं भय बंगाल-बिहारमधल्या गंगेच्या गाळात आहे. फ्लोराइडचा प्रश्न चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे मोठा. खारं पाणी पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. प्रत्येक मुलखाचं पाणी आपल्या खडकाचं आणि आपल्या वापराचं असतं. शेजारच्या जिल्ह्याची भीती उसनी आणू नये.

तपासायचं कुठे? आधी ग्रामपंचायतीत जा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे आणि त्यांच्यासाठी तपासणीची पेटी असते. नायट्रेटसाठी थेंब टाकून रंगाची छटा तक्त्याशी जुळवायची, जंतूंसाठी छोट्या कुपीत पाणी भरून ठेवायचं. पाणी काळं पडलं तर दूषित. ही कुपीची पद्धत १९८२ साली आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी मांडली आणि ती खेड्यापाड्यांत भरवशाची ठरली. पण पेटीतली तपासणी चाळणीसारखी आहे, बाळाच्या बाबतीत तेवढ्यावर थांबू नका. नमुना जळगावला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. खासगी माणसालाही तिथे माफक फी भरून पाणी तपासून मिळतं. तुमच्या जवळच्या तालुक्याच्या गावी उपविभागीय प्रयोगशाळा असेल तर तिथली चौकशी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करून देईल.

नमुना कसा घ्यावा याकडे फार लक्ष द्या, कारण अर्धे अहवाल बाटलीत बिघडतात. लोक कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी आणायचे, कुणी फिनेलच्या, कुणी तर दारूच्या. असं पाणी तपासून जो आकडा येतो तो बाटलीचा. प्रयोगशाळेतून दोन बाटल्या मागून घ्या, एक रसायनांसाठी, एक जंतूंसाठी. मोटार चालू करून पाच-दहा मिनिटं पाणी वाहू द्या, पाइपात रात्रभर साचलेलं निघून जाऊ दे. रसायनांची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. जंतूंची बाटली मात्र विसळायची नाही, ती आतून निर्जंतुक केलेली असते. आधी साबणाने हात धुवा. तोटीला गुंडाळलेलं फडकं, रबरी नळी काढून टाका आणि तोटी धातूची असेल तर मेणबत्तीच्या किंवा लायटरच्या ज्योतीने तिचं तोंड तापवून घ्या. मग थोडं पाणी जाऊ द्या. बाटलीचं झाकण उघडल्यावर ते खाली ठेवू नका, हातातच धरा, आतली बाजू जमिनीकडे करून, बोट आत लागू न देता. पाणी गळ्यापर्यंत भरा, वर बोटभर जागा मोकळी ठेवा, लगेच झाकण लावा. बाटलीवर नाव, गाव, बोअर की विहीर, तारीख आणि वेळ लिहा. बर्फाच्या डब्यात घालून सहा तासांत पोहोचवा. फार तर चोवीस तास. त्याच्यापुढे गेलं तर आत जंतू वाढलेले किंवा मेलेले असतात आणि आकड्याला अर्थ राहत नाही. म्हणजे पहाटे नमुना घ्यायचा आणि पहिल्या एसटीने निघायचं.

नळाच्या पाण्याचाही नमुना सोबत द्या. तुम्ही त्याला चवीसाठी नाकारलंय, पण तुमच्या बोअरला नायट्रेट निघालं तर बाळासाठी कदाचित तेच चांगलं ठरेल. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो म्हणून बाया नाक मुरडतात, पण जंतू मारल्यावर पाण्यात थोडं क्लोरीन उरलेलं असणं हीच त्याच्या सुरक्षिततेची खूण आहे. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी हवं. जलसुरक्षकाकडे क्लोरोस्कोप असतो. तुमच्या घरच्या नळावर येऊन दाखव म्हणा. पाण्यात दोन थेंब टाकल्यावर पिवळसर झालं तर क्लोरीन आहे. तसंच्या तसं राहिलं तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडलेलं नाही किंवा पडलं ते जुनं, उडून गेलेलं होतं. त्यावर ग्रामसभेत बोला, तो तुमचा हक्क आहे.

अहवाल हातात आला की त्यात मर्यादेचे दोन रकाने असतील. एक स्वीकारार्ह मर्यादा, दुसरी दुसरा स्रोतच नसेल तेव्हाची. जडपणा २०० आणि ६००, फ्लोराइड १ आणि १.५, क्लोराइड २५० आणि १,०००. पण नायट्रेटला दुसरा रकाना नाही. ४५ म्हणजे ४५, त्याच्यावर सूट नाही. जंतूंमध्ये ई-कोलाय १०० मिलिलिटर पाण्यात एकही नको. तो सापडला म्हणजे माणसाचा किंवा जनावराचा मैला ताजाच मिसळतोय.

नायट्रेटच्या आकड्याखालचं एकक नक्की वाचा. काही प्रयोगशाळा नायट्रेट मोजतात, काही नायट्रेटमधलं नायट्रोजन मोजतात. दुसऱ्या पद्धतीने १२ लिहिलं असेल तर वरवर बरं वाटतं, पण त्याला ४.४३ ने गुणायचं असतं. ते होतात ५३, म्हणजे मर्यादेबाहेर. या एका गोष्टीवरून फसलेली माणसं मी पाहिली आहेत, शिकलेली सुद्धा.

नुसते जंतू निघाले आणि नायट्रेट कमी असलं तर मशीन घ्यायचं कारणच नाही. उकळणं किंवा क्लोरीन, आणि ओट्याची-केसिंगची दुरुस्ती. विहीर वापरात असेल तर तिच्यात टीसीएल टाका. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा आणि मग ७८५ ने. येतील तेवढे लिटर पाणी. चार मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर ३७,६८० लिटर. हजार लिटरला पाच ग्रॅमच्या हिशेबाने साधारण १९० ग्रॅम टीसीएल. ते बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळीच विहिरीत सोडायची. चुना ओतला तर पाणी आणखी जड होतं. निदान अर्धा तास, जमलं तर तासभर उपसा बंद ठेवा. पावडर नवी, पिशवीचं तोंड घट्ट बांधलेली घ्या.

जडपणा तेवढा जास्त निघाला, ३००-४०० च्या घरात, तर त्यासाठी मशीन नको. पाणी प्यायला चालतं. मशीनवाले मुतखड्याची भीती घालतात, पण खानदेशच्या उन्हात मुतखडा होतो तो मुख्यतः दिवसभर शेतात राहून पाणी कमी प्यायल्याने.

नायट्रेट ४५ च्या वर आलं तर मात्र साधी कॅंडल, कापड, तुरटी, क्लोरीन, यूव्हीचा दिवा यांपैकी काहीच उपयोगाचं नाही. तेव्हा दोन वाटा राहतात. नळाचं पाणी कमी नायट्रेटचं निघालं असेल तर प्यायला आणि बाळाच्या दुधाला ते, उकळून. ही माझ्या मते पहिली वाट, कारण ती रोज परवडते. तेही नसेल तर आरओ मशीन, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणारं, घ्या, ते बहुतेक नायट्रेट काढतं. पण तेव्हाही मशीनमधून निघालेल्या पाण्याचा नमुना महिनाभरात तपासा आणि पडदा जुना झाल्यावर पुन्हा. शिवाय एक लिटर शुद्ध पाण्यामागे ते दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. ते भांडी-फरशीला वापरा, प्यायला किंवा विहिरीच्या अंगाला सोडू नका. आणि थंड पाण्याचे जे जार गावात येतात त्यांना शुद्ध पाणी समजू नका. त्यांतल्या बहुतेकांवर आयएसआयची खूण नसते. थंड असलं म्हणून पाणी स्वच्छ असत नाही.

बाळाचे ओठ, नखं, जीभ निळसर-राखाडी दिसली, ते मलूल पडलं किंवा धाप लागली तर पाण्याचा विचार करत बसू नका, तडक मोठ्या दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना "पावडरच्या दुधाला बोअरचं पाणी वापरतो" हे आवर्जून सांगा. त्यावर औषध आहे, वेळेत दिलं तर बाळ सावरतं.

एका अहवालावर कायमचं विसंबू नका. आता एकदा तपासा आणि पोळ्यानंतर पुन्हा. पावसाचं पाणी शेतातून मुरून खाली गेल्यावर नायट्रेट वाढलेलं दिसतं आणि तुमचं बाळ तेव्हा महिन्या-दोन महिन्यांचं असेल. उन्हाळ्यात एकदा केलं की वर्षाचं चित्र कळतं.

आज सोमवार. बाटल्या आणायला उद्या कुणाला तरी पाठवा, परवा पहाटे नमुने घ्या. तोवर संध्याकाळी ओट्याभोवती फेरी मारून या आणि एनआरव्हीचं बघून घ्या. अहवाल आला की नायट्रेटचा आकडा, त्याखालचं एकक आणि जंतूंच्या रकान्यात लिहिलेलं अक्षरशः उतरवून मला पाठवा, बोअरचा आणि नळाचा वेगवेगळा. बाळाच्या दुधाला कुठलं पाणी घ्यायचं ते आपण मिळून ठरवू. लेकीला माझे आशीर्वाद सांगा.